20 वाव पाण्यातले पक्षी: मालवणहून हिवाळ्यातली बोट ट्रिप

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या मागे हिवाळ्यात जे पांढरे पक्षी येतात, लोक त्यांना वेफर्स नाहीतर गाठिया टाकतात आणि मोबाईलवर व्हिडिओ काढतात, ते बहुतेक कुरव (इंग्रजीत गल) असतात. काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे. गंमत म्हणजे थंडीत दोघांचंही डोकं पांढरंच असतं, कानामागे एक काळसर डाग तेवढा उरतो, त्यामुळं ओळखायला पंखांची टोकं आणि डोळे बघावे लागतात. यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या सरोवरांवर पिल्लं वाढवतो आणि थंडीत खाली आपल्या समुद्रावर येतो. एवढा हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला तळलेलं खारवलेलं काहीतरी चारायचं हे मला अजिबात पटत नाही, पण तो विषय वेगळा. सांगायचं ते हे की जेट्टीवरून, किनाऱ्यावरून हे पक्षी नीट ओळखता यायला लागले की मग आतल्या पाण्याची ओढ लागते. कारण काही पक्षी असे आहेत की ते किनाऱ्याला येतच नाहीत. त्यांना बघायचं तर बोट घेऊन आपणच जायला पाहिजे.

महाराष्ट्रात खोल समुद्रातल्या पक्ष्यांच्या नोंदी बऱ्याचशा पावसाळ्यातल्या आहेत, आणि त्याही कशा, तर वादळवाऱ्यात थकून किनाऱ्यावर येऊन पडलेल्या पक्ष्यांच्या. मास्क्ड बूबी, फ्रिगेटबर्ड असे पक्षी कोकणातल्या पुळणीवर सापडतात, कुणीतरी उचलून वनखात्याला कळवतं. पावसाळ्यात बोटीनं जायचा प्रश्नच नाही, 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते आणि ती नसती तरी त्या समुद्रात जाऊ नये. त्यामुळं पक्षी जिवंत, धडधाकट, आपापल्या कामात असलेले बघायचे तर हिवाळा. पाणी शांत, हवा त्यातल्या त्यात स्वच्छ, आणि सैबेरिया, कझाकस्तान, स्कँडिनेव्हिया, इराणचं आखात सगळीकडचे पाहुणे एकाच वेळी अरबी समुद्रात असतात.

आमचा पाचसहा जणांचा ग्रुप आहे, पुण्या-कोल्हापूरकडचे, सगळे पक्षीवेडे, आणि एक मित्र मालवणचाच आहे, त्याच्यामुळं हे जमून आलं. जानेवारी संपता संपता जायचं ठरलं. तारीख ठरवताना सुट्टी बघण्याआधी वारा बघितला आणि हे मी प्रत्येकाला सांगेन. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेले असतो ना, ते इथं शब्दशः कामाला येतं. रात्रभर जमीन गार होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, तो मतलई. उन्हं चढली की जमीन तापते आणि दुपारकडं वारा उलटा होतो, समुद्राकडून येतो, कोकणात तो बहुतेक वायव्येकडून येतो आणि बऱ्यापैकी जोराचा असतो. म्हणजे पाणी सपाट मिळतं ते पहाटेपासून साधारण अकरापर्यंत. आमची होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांनी आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं, "वारो फिरूच्या आदी परत येवक् होया." त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आलेली, त्यांना वाऱ्याचं ॲप दाखवायची काही गरज नव्हती, पण मी माझ्या मोबाईलवर बघितलं तर ॲपही तेच म्हणत होतं.

बोटीबद्दल थोडं. टूरिस्ट लोकांची वरती छप्परवाली मोठी बोट फोटोसाठी नको. एकतर छपरामुळं डोक्यावरून गेलेला पक्षी दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे तुम्ही पाण्यापासून जितके उंच तितका फोटो वरून घेतल्यासारखा येतो, पक्ष्याच्या मागं नुसतं पाणी. आम्ही फायबरची खालच्या काठाची होडी घेतली, दोन इंजिनं, प्रवासी नेण्याचा परवाना असलेली, ताडपत्री काढून ठेवायला सांगितली. बसलं की डोळे पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर. पाण्यावर बसलेल्या पक्ष्याशी जवळजवळ नजर भिडते, मागचं पाणी धूसर होतं आणि लाटेची एक कड फोटोत येते. लाईफ जॅकेट सगळ्यांनी घातलं, आत पहिल्यापासून शेवटपर्यंत. फोटो काढताना ते अडचणीचं होतं, पट्टा आणि जॅकेटचं बक्कल एकमेकांत अडकतं, तरी काढायचं नाही. आम्ही कॅमेऱ्याचा पट्टा जॅकेटच्या वरून आडवा घातला, ते बरं पडलं.

उजाडायच्या आधी निघालो. मालवण बंदरातून बाहेर पडताना सिंधुदुर्ग किल्ल्याची काळी तटबंदी बाजूला दिसते, आणि इथं खडक खूप आहेत पाण्याखाली, त्यामुळं काका एकदम सावकाश आणि ठरलेल्या वाटेनंच होडी काढत होते. हा सगळा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर समुद्रबगळे, एक-दोन पाणकावळे, आणि नुसत्या आवाजावरून कळणारे सुरय (इंग्रजीत टर्न). उजाडेपर्यंत कॅमेरा बॅगेतच ठेवला. रात्री एसीत झोपला असाल तर तिथून निघायच्या बराच आधी कॅमेरा बॅगेसकट बाहेर ठेवा, नाहीतर किनाऱ्याच्या दमट हवेत लेन्सवर बाष्प जमतं आणि ते पुसून जात नाही, लेन्स गरम होईपर्यंत वाटच बघावी लागते.

आधी दक्षिणेला देवबागच्या बाजूला गेलो. कर्ली खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं वाळूचे दांडे आहेत, दिवसा तिथं वॉटर स्पोर्ट्सची ही गर्दी असते, पण सकाळी पक्षीच पक्षी. काकांनी इंजिन लांबच बंद केलं आणि होडी पाण्याच्या ओढीवर सोडून दिली. हे आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं, थव्यावर होडी घालायची नाही. पूर्वी दुसरीकडं एका बोटवाल्यानं आम्ही नको नको म्हणत असताना पर्यटकांना उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून सरळ थव्यात बोट घातली होती, हजारभर पक्षी उठले, दहा मिनिटं घिरट्या घालत राहिले. त्यांनी रात्रभर वाचवलेली ताकद आपण अशी उधळायची, कशासाठी? शांत बसलं तर ते आपणहून जवळ येतात आणि त्यांचं चालू असलेलं काम बघायला मिळतं, जे उडवून कधीच मिळत नाही.

तिथं जे बघितलं ते मला फार आवडलं. लेसर क्रेस्टेड टर्न, म्हणजे केशरी चोचीचा सुरय, एक मोठा आणि त्याच्या मागं गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू. पिल्लू म्हणजे आकारानं आईबापाएवढंच, पण पाठीवर अजून थोडी खवलेदार नक्षी आणि चोच फिकट पिवळी. ते सारखं चिर्र चिर्र करत खांदे पाडून, मान आत घेऊन मोठ्याच्या मागं मागं पळत होतं. या जातीच्या सुरयांत आईबाप पिल्लांना कित्येक महिने भरवतात, स्थलांतरातही सोबत असतात आणि हिवाळ्यातल्या मुक्कामीही. मोठा उडाला, पाण्यावर घिरटी घातली, हवेत एका जागी क्षणभर थांबून सुळ्ळकन खाली, बोटभर चंदेरी मासा घेऊन आला. पिल्लाला लगेच दिला नाही. मासा चोचीत आडवा धरून वाळूवर इकडून तिकडं चालला, पिल्लू मागं, बाकीचे सुरय पण बघायला लागले, मग एकदम वळून दिला आणि पिल्लानं डोक्याकडून गिळला. माझ्याकडं या सगळ्याची पूर्ण सिरीज आहे. शटर 1/2000 ठेवलं होतं, उभ्या पक्ष्याला एवढं लागत नाही पण होडी डुलत असते, तिचा विचार करायला लागतो.

तिथंच बाजूला मोठे कुरव बसले होते. त्यातला पल्लासचा कुरव लांबूनही कळतो, आडदांड, लांबट कपाळ, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा. जानेवारीअखेर असल्यामुळं काहींच्या डोक्यावर काळी टोपी चढायला लागली होती, काहींची अजून पांढरी. बाकीचे करड्या पाठीचे मोठे कुरव, हॉयग्लिन आणि स्टेप, यांच्या ओळखीवरून होडीतच वाद सुरू झाला आणि तो मी इथं उकरून काढत नाही, कारण वयानुसार यांची पिसं चार वर्षं बदलत राहतात आणि प्रत्येक पक्षी वेगळाच दिसतो.

मग पश्चिमेला वळलो, सरळ आत. किनारा मागं बारीक होत गेला, निवतीच्या बाजूचे खडक आणि दीपगृह डावीकडं लांब दिसत राहिलं. त्या खडकांवर उन्हाळ्यात ब्रायडल्ड टर्न घरटी करतात आणि गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची वस्ती आहे, त्यांच्या घरट्यांची तस्करी व्हायची ती चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी उजेडात आणली आणि संरक्षणाचं काम केलं. आम्ही तिकडं गेलो नाही, आम्हाला खोल पाणी हवं होतं. काकांना विचारलं किती पाणी आहे, तर म्हणाले 20 वाव लागायला अजून वेळ आहे. वाव म्हणजे सहा फूट, 20 वाव म्हणजे छत्तीस-सदतीस मीटर. मासेमारीवाले अंतर किलोमीटरमध्ये सांगतच नाहीत, खोलीवरच बोलतात, आणि थोड्या वेळानं लक्षात यायला लागतं की पक्ष्यांचंही तसंच आहे. अमुक पाण्यापर्यंत केशरी चोचीचे सुरय भरपूर, मग विरळ, मग एकदम काहीच नाही, आणि त्या काहीच नाही मधून अर्धा-पाऊण तास गेलं की वेगळे पक्षी सुरू.

या रिकाम्या पट्ट्यात समुद्र लागतो लोकांना. लाट मोठी नव्हती पण लांब लांब हेलकावे होते. आमच्यातल्या एकाला फार त्रास झाला. याबद्दल जे खरंच उपयोगी पडलं ते सांगते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री आणि निघायच्या आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन काही होत नाही. उपाशी जायचं नाही आणि तळलेलं खाऊन जायचं नाही, आम्ही भाकरी आणि थोडी चटणी खाल्ली होती. आलेपाक तोंडात ठेवायचा. होडीच्या मध्याच्या थोडं मागं बसायचं, तिथं सगळ्यात कमी हलतं. आणि फोटोग्राफरसाठी सगळ्यात महत्त्वाचं, काढलेले फोटो स्क्रीनवर बघत बसायचं नाही. मान खाली घालून स्क्रीन झूम करून शार्प आलाय का बघत बसलात की पाच मिनिटांत पोट ढवळतं. नजर क्षितिजावर ठेवायची, एक्स्पोजर एकदाच नीट लावून ठेवायचं आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

एक्स्पोजरचं सांगतेच आता. समुद्री पक्षी बहुतेक पांढरे, पाणी गडद, आकाश उजळ. ऑटोवर ठेवलं तर पक्षी पाण्यासमोरून आकाशासमोर गेला की कॅमेऱ्याचा हिशोब बदलतो, पाण्यासमोर असताना पांढरी पिसं जळून जातात आणि आकाशासमोर पक्षी काळा पडतो. पण पक्ष्यावर पडणारं ऊन तर तेच असतं ना! म्हणून मॅन्युअल. ऑटो आयएसओ पण बंद. सकाळी आठच्या उन्हात देवबागलाच एका कुरवाच्या पांढऱ्या पोटावर दोन-चार फोटो काढले, जिथं पांढरं जळाल्याची स्क्रीनवर चमकणारी वॉर्निंग जेमतेम येईनाशी झाली तिथं सेटिंग पक्कं केलं, 1/3200, एफ 7.1, आणि ऊन चढेल तसं दर अर्ध्या तासानं आयएसओ थोडा थोडा कमी करत गेले. गडद पक्षी आला तर थोडा काळा येतो, तो रॉ फाइलमधून नंतर उजळता येतो, जळालेलं पांढरं मात्र परत आणता येत नाही. ट्रायपॉड, मोनोपॉड घरीच ठेवा, इंजिनाची थरथर सरळ त्यातून कॅमेऱ्यात जाते. गुडघे सैल सोडून, कोपर अंगाला लावून, कमरेतून फिरायचं, होडीचं डुलणं आपल्या गुडघ्यांनी खाऊन टाकायचं. लेन्स मी 100-400 मिमीची घेतली होती. 600 वाले दोघं होते, त्यांना लांबचे पक्षी मिळाले पण जवळून झपकन गेलेले फ्रेममध्येच सापडले नाहीत.

आणि वाऱ्याची एक गोष्ट, जी माझ्या मते फोटोसाठी सगळ्यात कामाची आहे. पक्षी उठताना आणि उतरताना वाऱ्याला तोंड करतो. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून, सूर्य पूर्वेला, आणि आपण किनाऱ्याकडून म्हणजे पूर्वेकडूनच जातोय. म्हणजे समोरचा प्रत्येक पक्षी उठताना आपल्याकडं तोंड करून उठतो आणि त्याच्या तोंडावर समोरून ऊन असतं. डोळ्यात चमक येते, पंखाखालची नक्षी उजळते. वारा फिरला की हेच सगळं उलटं, पक्षी शेपटी दाखवतात आणि ऊन डोक्यावर. दुपारी काढलेले फोटो एवढे मेलेले का येतात याचं निम्मं उत्तर उन्हात आहे आणि निम्मं वाऱ्यात.

20 वावाच्या आसपास काकांनी बोट केलं, "थंय बघा, पाखरां बसली हत." मला नुसतं पाणी दिसत होतं. मग जवळ गेल्यावर दिसलं, पाण्यावर फेसाची आणि वाहून आलेल्या काटक्या-शेवाळाची लांबच लांब रेघ होती, दोन प्रवाह भेटतात तिथं अशी रेघ तयार होते, आणि त्या रेघेवर चिमणीपेक्षा थोडे मोठे पांढरे-करडे जीव बुचासारखे तरंगत होते. रेड-नेक्ड फॅलारोप! हा खरं तर चिखलातल्या तुतवारांच्या गोतावळ्यातला पक्षी, पण हिवाळाभर जमिनीला पाय न लावता भर समुद्रात राहतो. स्कँडिनेव्हियातल्या दलदलींवर वीण करणारे पक्षी हिवाळ्यात अरबी समुद्रात येतात हे त्यांच्या पाठीवर लावलेल्या छोट्या यंत्रांवरून कळलंय. यांच्यात मादी जास्त रंगीत असते आणि अंडी उबवायचं, पिल्लं सांभाळायचं सगळं नर करतो. आत्ता अर्थात सगळे हिवाळी पोशाखात, डोळ्यावरून मागं जाणारा काळा पट्टा तेवढा ठळक.

इंजिन बंद करून होडी रेघेच्या बाजूबाजूनं सोडली तर ते पाचसहा मीटरपर्यंत आले, माणसाची भीतीच नाही. एकेक पक्षी स्वतःभोवती गरागरा फिरतो, फिरता फिरता चोच टोचत राहतो. त्यानं पाण्यात छोटा भोवरा तयार होतो आणि खालचे बारीक जीव वर ओढले जातात. एक तर इतका जवळ होता की पाणी नितळ असल्यामुळं त्याचे पाय पाण्यात मारताना दिसत होते, बोटांना झालरीसारखे पाळे असतात ते सुद्धा. चोच सुईसारखी, आणि टोचल्यावर एक थेंब चोचीवरून वर चढत जातो, आत त्यात काहीतरी टिपलेलं असतं. मी इथं पोटावर झोपून, लेन्स होडीच्या काठावरून जेमतेम बाहेर काढून फोटो घेतले, खाली टॉवेलची घडी. फोटो फार सुंदर आलेत. पण त्या रेघेत फक्त शेवाळ नव्हतं. थर्माकोलचे दाणे, तुटक्या जाळ्यांचे निळे धागे, शांपूच्या पुड्या, आणि फॅलारोप त्यातच टोचत होते, दाणा कुठला आणि जीव कुठला हे त्यांना कसं कळणार. एका फोटोत चोचीच्या अगदी पुढं पांढरा दाणा आहे. तो फोटो मी मुद्दाम ठेवलाय आणि सगळ्यात आधी तोच दाखवते. काकांच्या मुलानं हाताला लागेल तेवढा कचरा जाळीनं उचलून होडीत घेतला, आम्ही पण घेतला, दोन गोण्या भरल्या.

यानंतर ट्रॉलर शोधायला निघालो. हे काम पूर्णपणे काकांचं. ट्रॉलर एकदम सावकाश चाललेला असेल तर जाळं पाण्यात आहे, मागं पक्षी नसतात. विंच फिरायला लागली, जाळं वर यायला लागलं की पक्षी कुठून कुठून येतात कळत नाही. काकांनी तीन ट्रॉलर दिसत असताना बरोबर एकाकडं होडी नेली आणि आम्ही पोचेपर्यंत त्याचं जाळं वर येत होतं. ओळखीची हाक झाली, ठरलेलं अंतर ठेवून आम्ही वाऱ्याच्या बाजूला थांबलो. जाळं आत घेतल्यावर नको असलेली बारीक मासळी पाण्यात टाकतात, त्यावर कुरव आणि सुरयांची झुंबड. आवाज एवढा की एकमेकांचं ऐकू येईना.

आमचं लक्ष मात्र झुंबडीच्या बाहेर होतं. तिथं लांब पाण्यावर एक गडद तपकिरी पक्षी एकटाच बसला होता, छाती भरदार. हा जेगर, ब्रिटिश पुस्तकांत स्कुआ. काका म्हणाले, "ती चोर पाखरां, दुसऱ्याचो घास काढून घेतत." अगदी तेच. आर्क्टिकच्या टुंड्रात पिल्लं वाढवणारे हे पक्षी, पोमरीन जेगर तर तिकडं लेमिंग नावाच्या उंदरांसारख्या प्राण्यांवर जगतो, आणि हिवाळ्यात समुद्रावर येऊन बऱ्यापैकी लुटीवर राहतो.

तो उठला. आधी पाण्यालगत, आळशी वाटेल असा, आणि मग एका सुरयामागं लागला ज्याच्या चोचीत मासा होता. त्यापुढचं दहा-पंधरा सेकंदांचं काम. सुरय वर गेला की हा वर, सुरय उलटा वळला की हा त्याच्या आतून वळतो, एवढा जड पक्षी इतका चपळ कसा होतो कळत नाही. शेवटी अगदी शेपटीला चिकटला, सुरयानं किंचाळून मासा सोडला आणि जेगरनं तो पाण्याला लागायच्या आधी हवेतच घेतला. फोकस मोठ्या झोनवर आणि लेन्सचा फोकस लिमिटर लांबच्या अंतरावर होता म्हणून लेन्स जवळच्या लाटांवर अडकली नाही. बर्स्ट तोडून तोडून मारला, एक एक सेकंदाचा, नाहीतर बफर भरतो आणि नेमका मासा सुटताना कॅमेरा गप्प बसतो.

आता इथं माझं एक मत आहे. अशा वेळी आपण सगळेच सुंदर फोटोच्या मागं लागतो, डोळा शार्प, समोरून ऊन वगैरे. पण जेगरची ओळख त्या फोटोनं पटत नाही. ओळखीला लागतो पंखाची खालची बाजू दाखवणारा फोटो, कारण पोमरीनला तिथं बऱ्याचदा दोन पांढऱ्या कोरी दिसतात, एक मोठी आणि तिच्या आत बारीक दुसरी. लागतं शेपटीचं टोक, पूर्ण वाढलेल्या पोमरीनला मधली दोन पिसं चमच्यासारखी गोल आणि पिळलेली असतात, पॅरासिटिक जेगरला टोकदार असतात, आणि हिवाळ्यात नेमकी ही पिसं बऱ्याच पक्ष्यांची झडलेली असतात. लागते चोच बाजूनं. म्हणून मी आधी वरून, खालून, बाजूनं असे फोटो घेते, धूसर आले तरी चालतात, आणि मग उरलेल्या वेळात सुंदर. समुद्रात पक्षी दुसऱ्यांदा येत नाही. दुर्बिणीतून दिसलेलं होडी डुलताना अर्धवटच दिसतं, तेव्हा कॅमेऱ्यात जे उतरलं तेवढाच पुरावा.

याचा प्रत्यय तिथंच आला. परत फिरायच्या बेतात असताना मागून कुणीतरी ओरडलं, शिअरवॉटर! पाण्याला घासून जाणारा, वरून काळपट खालून पांढरा, भराभर पंख मारून मग ताठ पंखांवर तरंगत एका लाटेआड गेला, पुढच्या लाटेवर दिसला आणि गेला. सगळा खेळ सात-आठ सेकंदांचा. मला एक फोटो मिळाला, लांबचा, पक्षी फ्रेमच्या कोपऱ्यात, पण पंखाखालचं पांढरं आणि त्याच्या गडद कडा स्वच्छ दिसतात. पर्शियन शिअरवॉटर. ओमान, सोकोत्रा बाजूच्या बेटांवर घरटी करणारा पक्षी. या घराण्यातल्या पक्ष्यांच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात, वासावरून अन्न शोधतात, आणि समुद्राचं पाणी पिऊन जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून नाकावाटे बाहेर टाकतात. हे सगळं वाचलेलं होतं, पण आपल्या मालवणसमोर तो उडताना बघणं म्हणजे, काय सांगू, आम्ही सगळे एकदम ओरडायला लागलो, समुद्र लागलेला मित्र पण उठून बसला.

अकराच्या सुमारास पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या आणि काकांनी काही न बोलता होडी वळवली. परतताना वारा डाव्या बाजूनं मागून, लाट होडीवर फुटायला लागली, कॅमेरे ड्राय बॅगमध्ये गेले. कुणीही "अजून थोडं थांबूया" म्हटलं नाही, हे मला फार बरं वाटलं. किनाऱ्याजवळ हम्पबॅक डॉल्फिनचा छोटा कळप दिसला, आणि खडकावर काकण, म्हणजे समुद्री गरुड, पायात समुद्रसापाचा तुकडा घेऊन बसलेली. तिच्यासाठी सुद्धा कुणी कॅमेरा बाहेर काढला नाही, तुषार फार उडत होते.

खोलीवर आल्यावर जेवणाच्याही आधी कॅमेरा. खाऱ्या पाण्याचे तुषार कोरड्या कापडानं पुसायचे नाहीत, मिठाचे कण काचेवर घासले जातात. गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडानं आधी बॉडी, बटणं, लेन्सची रिंग, माउंटच्या भोवती, मग कोरडं कापड, मग रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात. दुर्बिणीचंही तसंच. नंतर सोलकढी आणि भात.

संध्याकाळी सगळ्यांचे फोटो एकत्र करून बसलो. नोंदी आम्ही होडीतच तासातासाच्या वेगळ्या याद्या करून ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या ऑनलाइन साठ्यात, केल्या होत्या, जीपीएस चालू ठेवून, कारण दिवसभराची एकच यादी केली तर कुठला पक्षी किती आत होता हे कळतच नाही आणि समुद्रातल्या नोंदीची सगळी किंमत त्या जागेत असते. फॅलारोप, शिअरवॉटर, सुरय यांच्या ओळखी सरळ झाल्या. लुटारू जेगरच्या पंखाखाली दोन्ही पांढऱ्या कोरी तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत आल्या होत्या, चोच जाड, दुरंगी, तो पोमरीन ठरला.

दुसरा एक जेगर होता, ट्रॉलरच्या पलीकडून गेलेला, त्याच्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली. सडपातळ, पंख टोकाला निमुळते, शेपटीची पिसं झडलेली. दोघं ठामपणे पॅरासिटिक म्हणत होते आणि मलाही मनातून तसंच वाटत होतं. पण कुणाच्याच फोटोत पंखाखालची बाजू नव्हती, सगळे फोटो वरून आणि मागून, वारा फिरल्यानंतरचे. तेव्हा तो नुसता जेगर म्हणून नोंदवला, जात लिहिली नाही, आणि त्याचे होते नव्हते ते सगळे फोटो यादीला जोडून ठेवले, पुढं कुणा जाणकाराला त्यात काही दिसलं तर तो सांगेल.